सरांच्या फील्डच्या वह्यांचं पुस्तक इथं करून घेतलं

पुण्यात आप्पा बळवंत चौकातल्या या स्कॅनिंग-बाइंडिंगच्या दुकानाला पाचपैकी पाच, आणि विचार करून देतेय.

आमचे सर गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं. बॉटनी शिकवायचे, पण खरं शिकवणं सगळं डोंगरावर, सिंहगड, तोरणा, पुरंदर, कितीतरी बॅचेस त्यांच्यामागे चिखल तुडवत फिरल्यात. पहिल्या स्मृतिदिनाला काय करायचं यावर ग्रुपवर बरीच चर्चा झाली, कुणी म्हणालं तैलचित्र लावू, कुणी म्हणालं त्यांच्या नावाने बक्षीस ठेवू. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाऊंच्या नावाने कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया सांतापावी, तसं काही झालं असतं तर किती छान, पण त्यासाठी आधी नवीन जात सापडायला लागते. मग काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, कपाटातून वह्यांचा गठ्ठाच काढून समोर ठेवला आणि विषय तिथंच मिटला.

सर आम्हाला वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनींबद्दल नेहमी सांगायचे, 3 एप्रिल 1949 ला लखनौला त्यांच्या संस्थेची पायाभरणी झाली, नेहरू आले होते, कोनशिलेत जीवाश्म बसवलेले, आणि आठवड्यातच 10 एप्रिलला साहनी गेले. संस्था पुढे त्यांच्या पत्नी सावित्री साहनींनी उभी केली. वह्या देताना काकूंना पण तेच आठवलं असणार, बोलल्या काही नाहीत.

आता दुकानाबद्दल. आधी एका ठिकाणी विचारलं होतं तर ते म्हणाले पानं सुटी करून लॅमिनेट करून देतो, मी तशीच उठून आले. इथल्या काकांनी वही हातात घ्यायच्या आधी हात पुसले, दोन्ही बाजूंना पुठ्ठे ठेवून अर्धीच उघडली, शिवणीवर अजिबात दाब दिला नाही. म्हणाले, "ताई, मूळ वहीला लॅमिनेशन कधीच करायचं नाही, एकदा चिकटलं की कागद परत मिळत नाही." सर पावसात पेन्सिलने लिहायचे कारण शाई पसरते, पण पेन्सिल साध्या काळ्या-पांढऱ्या स्कॅनला उडते हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी सगळं कलरमध्ये 600 डीपीआयला वरून कॅमेऱ्याने घेतलं, त्यामुळे चिखलाचे डाग, फुलाचा दाबून उमटलेला पिवळा ठसा, सगळं आलंय. एका पानावर सरांनी लिहिलंय "कारवी, निळं-जांभळं, मधमाश्या फार, हात गारठलेत". रंग जागेवरच लिहायचा, वाळल्यावर तो जातो, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा बजावलंय की ते पान बघून मला दुकानातच रडू आलं. काकांनी पाणी दिलं आणि गपचूप पुढचं पान लावलं.

बाइंडिंगच्या बाबतीत पण त्यांनी पैसे वाढवायचा प्रयत्न केला नाही, उलट विचारलं की हे शोकेसमध्ये ठेवणार की वापरणार? वापरणार म्हटल्यावर गमचं बाइंडिंग नको म्हणाले, पानं सुटतात, फर्मे (दुमडलेल्या पानांचे गठ्ठे) शिवून कापडी पुठ्ठा घातला, नॅचरल शेडचा कागद. पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं. आम्हाला हेच हवं होतं, कारण कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, म्हणजे एका माणसाच्या अख्ख्या आयुष्यात तिच्या बहराच्या मोजक्याच नोंदी होतात, सरांच्या नोंदींच्या पुढे आता आम्ही लिहायचं. म्हणून शेवटी कोरी पानं पण घालून घेतली, ही आयडिया काकांचीच. आमच्यातली दोघं पुस्तक घेऊन तोरण्याला जाऊन पण आली, पहिली नोंद पडलीये.

तक्रार एकच, कापडाचा हिरवा रंग नमुन्यापेक्षा जरा गडद आला, आणि काम सांगितलेल्या तारखेच्या पुढे गेलं. कार्यक्रमाच्या आधी मिळालं त्यामुळे चाललं, पण तुम्ही हाताशी वेळ ठेवा. प्रत साधारण 650 रुपयांना पडली, स्कॅनिंगचे वेगळे.

जून महिन्यात जाऊ नका, आप्पा बळवंत चौकात शाळेच्या पुस्तकांची गर्दी असते आणि काकांना बोलायला सवड नसते. गाडी मंडईच्या पार्किंगला लावून चालत या. आणि जुन्या वह्या असतील तर कुरिअरने पाठवू नका, स्वतः घेऊन जा.