दहा ग्रॅमची डबी, साडेतीन तारे

आमच्या घरी अँटिबायोटिक पावडरची डबी फ्रिजवर, चाव्यांच्या वाटीत पडलेली असते. ऊसतोडीच्या दिवसांत ती पंधरवडाही पुरत नाही. उसाच्या पात्याला करवतीची धार असते, बोटं रोज चिरतात. मिस्टर शेतातून आले की सरळ डबी उलटी करतात. "अहो, आधी साबणानं हात तरी धुवा." "पावडर मारली की झालं!" आमच्या संसाराएवढंच जुनं भांडण आहे हे.

मी मिरजेत लॅबला आहे. रोज जंतू वाढवायचे आणि कुठल्या औषधानं मरतात ते बघायचं, हा धंदा. त्यामुळे या डबीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघते. ब्रँड सांगत नाही. लेबलावर एका ग्रॅममध्ये पॉलिमिक्सिन बी ५००० युनिट, निओमायसिन ३४०० आणि बॅसिट्रॅसिन झिंक ४०० असं लिहिलेली कुठलीही डबी समजा.

माझ्या मते पैसे वसूल होतात ते पॉलिमिक्सिनमुळे. १९४७ सालचं, मातीतल्या जंतूपासून मिळालेलं औषध. रेणूची घडण बघण्यासारखी आहे: सात अमिनो आम्लांचं कडं, त्याला तिघांची दांडी आणि दांडीच्या टोकाला स्निग्धाम्लाची आखूड शेपटी. कड्या-दांडीवर पाच धनभार मोकळे असतात. ई. कोलाय, सुडोमोनास अशा ग्राम निगेटिव्ह जंतूंच्या अंगावर बाहेरून एक जादा पटल असतं, आणि त्याच्या वरच्या थरावर फॉस्फेटचे ऋणभार खच्चून भरलेले. ते एकमेकांना ढकलून फाकायला हवेत, पण मधेमधे मॅग्नेशियम आणि कॅल्शियम बसून त्यांना धरून ठेवतात. सासूबाईंच्या गोधडीचे टाकेच म्हणा ना. पॉलिमिक्सिन आपल्या पाच भारांनिशी तिथे घुसतं, मॅग्नेशियमला उठवतं आणि टाके उसवतात. मग ती तेलकट शेपटी पटलाच्या चरबीत शिरते. पुढे आतल्या पटलाचीही तीच गत होते, पेशीतला ऐवज बाहेर गळतो आणि जंतू मरतो.

हे मला पुस्तकापेक्षा एका चुकीनं जास्त पटलं. एकदा माध्यम, म्हणजे जंतूंचं खाणं, बनवताना माझ्या हातून मॅग्नेशियम क्लोराइड जास्त पडलं. त्या प्लेटवर पॉलिमिक्सिनच्या डिस्कभोवतीचा, म्हणजे औषध मुरवलेल्या कागदी चकतीभोवतीचा, झोन (सुडोमोनास न वाढलेलं मोकळं वर्तुळ) इतका आखडला, की डिस्क खराब निघाली असं वाटून मी डबा बदलून आणला. नव्या डब्यातही तेच! टाके जास्त घातले तर उसवायलाही जड जाणार, हे संध्याकाळी भाकरी थापताना डोक्यात उजेड पडला.

आणि शेपटीचं काय? पपईच्या चिकातलं पपेन वापरून ती शेपटी, सोबत शेजारचं एक अमिनो आम्ल, छाटता येते. उरलेला रेणू बाहेरचं पटल अजूनही सैल करतो, रिफॅम्पिसिनसारख्या थोराड औषधाला आत वाट करून देतो, पण स्वतः जंतू मारायचं जवळजवळ विसरतो. भार कुलूप उघडतो, घर लुटते ती शेपटी.

बॅसिट्रॅसिनची तऱ्हा निराळी. ते पटल फाडत नाही. भिंतीच्या विटा पटलापलीकडे पोचवणारा जो स्निग्ध वाहक असतो, तो माल उतरवून परत निघाला की झिंकच्या मदतीनं ते त्याला पकडून ठेवतं. विटा येणं बंद, भिंत कच्ची. पॉलिमिक्सिन ज्यांच्यापुढे हात टेकतं त्या ग्राम पॉझिटिव्ह, म्हणजे बाहेरचं जादा पटल नसलेल्या, जंतूंसाठी हा गडी. निओमायसिन आत जाऊन रायबोसोम, म्हणजे जंतूचा प्रथिनं बनवायचा कारखाना, बिघडवतं. त्याची काहींना ॲलर्जी येते, कातडी लाल होऊन खाजते. माझ्या जावेला आली. मोठ्या भाजलेल्या जागेवर ही पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ओतू नये तीही मुख्यतः त्याच्याचमुळे, अंगात भिनलं तर कान आणि मूत्रपिंडं धोक्यात.

आता तारे का कापले ते सांगते. एक तारा प्रोटियसपायी. हा जंतू फॉस्फेटवर धनभाराची एक साखर चिकटवून ठेवतो, मग पॉलिमिक्सिनला धरायला जागाच उरत नाही. प्लेटवर तो लाटालाटांनी पसरत येतो आणि पॉलिमिक्सिनच्या डिस्कला खेटून थांबतो, झोन नावालाही नाही. डबीत निओमायसिन आहे म्हणून तिथे निभावतं, एवढंच. अशीच युक्ती, फक्त साखरेऐवजी दुसरा तुकडा चिकटवून, इतर जंतूंना उसनी देणारं एमसीआर-१ जनुक २०१५ साली चीनमध्ये सापडल्याचं जाहीर झालं. पॉलिमिक्सिनचं सख्खं भावंड कोलिस्टिन, दोघांत फरक एका अमिनो आम्लाचा. ते कोंबड्यांच्या खाद्यात घालायला आपल्याकडे २०१९ मध्ये बंदी आली. आयसीयूत बाकी औषधं हरली की या दोघांनाच काढतात, आणि आमच्याकडे पॉलिमिक्सिन खरचटलेल्या गुडघ्यावर मीठ भुरभुरल्यासारखं पडतं. पण त्यात डबीचा काय दोष, म्हणून त्याचे तारे कापत नाही.

उरलेला अर्धा तारा झाकणाचा. ओल्या जखमेजवळ नेलं की भोकांशी पावडरीचा चिखल होतो, पावसाळ्यात तर भोकं पार बुजतात. मग मिस्टर सेफ्टी पिननं टोकरतात. तीच पिन, जी एरवी त्यांच्या चपलेच्या अंगठ्याला असते.