आधी व्हॅक्यूमची नळी बघा, मग गिअरबॉक्स उतरवू द्या

कॅलिफोर्नियात जुनी कॉर्व्हेट (शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार) बाळगणाऱ्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. गॅरेजचं नाव देत नाही, कारण तक्रार अजून निकाली निघालेली नाही. नाव कळलं नाही तरी हरकत नाही, गरज नसताना गिअरबॉक्स उतरवून गिऱ्हाईक अडकवायची युक्ती ओळखता आली पाहिजे.

माझ्या 1973च्या कॉर्व्हेटला टर्बो 400 नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. गिअर उशिरा पडायला लागले, तेही दणका देऊन. सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा. गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत होतं, पण गाडीखाली थेंबही नाही. ही सगळी लक्षणं एकदम दिसली की जाणत्या मेकॅनिकचा हात सरळ व्हॅक्यूम मॉड्युलेटरकडे जातो. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला, बाहेरूनच बसवलेली पत्र्याची छोटी डबी असते ती, इंजिनकडून आलेली व्हॅक्यूमची (हवा ओढणारी) नळी तिला जोडलेली असते. आत रबरी पडदा असतो. तो फाटला की इंजिन व्हॅक्यूमच्या नळीतून ऑइल ओढतं आणि जाळून टाकतं. नळी उपसून बघायची, आत ऑइल दिसलं की पडदा गेला. एक बोल्ट काढायचा, नवीन डबी बसवायची. पार्ट तीसेक डॉलरचा.

गॅरेजवाल्याने त्या नळीला हातही लावला नाही. ‘चेकिंग फुकट’ म्हणून गाडी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. गिअरबॉक्स उतरवलाय, पॅनमध्ये (तळाच्या ऑइलच्या ट्रेमध्ये) लोखंडाचा चुरा आहे, पूर्ण रिबिल्ड करावा लागेल, म्हणजे सगळा खोलून नव्याने बांधावा लागेल, 4,800 डॉलर. नको असेल तर परत बसवायचे 1,500, शिवाय जागाभाडं रोजचं वेगळं.

खरी मेख इथे आहे. या गाडीचा गिअरबॉक्स काढणं म्हणजे खेळ नाही. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सोडवायचा, टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट फ्लेक्सप्लेटपासून काढायचे, कूलरच्या दोन्ही नळ्या, स्पीडोमीटरची केबल, गिअरबॉक्सखालचा आडवा आधार म्हणजे क्रॉसमेंबर. गिअरबॉक्स बसतो तो गाडीच्या तळातला बोगदा एवढा अरुंद की वरच्या बोल्टांपर्यंत पाना पोचवताना भलेभले शिव्या घालतात. (ऑटोमॅटिक कॉर्व्हेटचा क्रॉसमेंबर बोल्टने बसवलेला असतो, तेवढं तरी नशीब. मॅन्युअलवाल्यांचा वेल्डिंग केलेला असतो.) एवढं सगळं सुटून पडलेली गाडी तुम्ही दुसरीकडे नेणार कशी? ‘हो’ म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मी पुरावा मागितला. फोटो आला, आणि तिथेच पितळ उघडं पडलं. फोटोतला पॅन जवळजवळ चौकोनी, एक कोपरा कापल्यासारखा. हा टर्बो 350 या वेगळ्या गिअरबॉक्सचा पॅन. 400चा पॅन वेडावाकडा असतो, एकदा पाहिला की विसरत नाही. बोल्ट मात्र दोन्हींना 13च असतात, त्यामुळे मोजून काही कळत नाही, आकारच बघावा लागतो. विचारलं तर म्हणे फोटो चुकून दुसऱ्याचा गेला. मग लगेच प्रेमाने: “तयार 350 आहे, तुमचा जुना आम्ही ठेवून घेतो, स्वस्तात करू.”

स्वस्तात कसलं? 350च्या आउटपुट शाफ्टला 27 स्प्लाइन (खाचा), 400च्या शाफ्टला 32, म्हणजे त्यावर चढणारा माझा योक (जोडणीचा तुकडा) त्यात बसणारच नाही. आणि त्या काळच्या कॉर्व्हेटमध्ये चेसिस नंबरचे शेवटचे सहा आकडे गिअरबॉक्सच्या केसवरही (बाहेरच्या कवचावर) ठोकलेले असतात. ते जुळणारी गाडी विकताना भाव वेगळा येतो. त्याचा डोळा माझ्या केसवर होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच दिवशी जाऊन टॉर्चच्या उजेडात केसवरचे आकडे पाहिले, फोटो काढले, माझ्यासमोर तोच गिअरबॉक्स परत चढवायला लावला. 1,500 भरले, पण पावतीवर ‘मान्य नाही’ असं लिहून. दुसऱ्या मेकॅनिकने नळी उपसली तर तिच्यातून लाल ऑइल त्याच्या मनगटावर ओघळलं. मॉड्युलेटर बदलला. धूर बंद, दणके बंद.

कॅलिफोर्नियाचा नियम याबाबतीत स्पष्ट आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्तीसाठी गाडीतून काढण्याआधी तपासणी करून, बाहेरचा एखादा पार्ट बदलून किंवा ॲडजस्ट करून बिघाड जातो का, हे पाहणं गॅरेजवर बंधनकारक आहे. खोलून तपासायचं असेल तर आधी लेखी एस्टिमेट हवं, आणि काम नको म्हटल्यास परत जोडायचा खर्च त्यातच लिहिलेला हवा. मला दोन्हीपैकी काही मिळालं नव्हतं. जुने पार्ट परत हवे असतील तर काम देतानाच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.

तक्रार ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे (गॅरेजांवर देखरेख ठेवणारं राज्याचं सरकारी खातं) ऑनलाइन करता येते, पैसे लागत नाहीत. मी पॅनचा तो फोटो, पावती आणि दुसऱ्या मेकॅनिकचं बिल जोडलं. ब्युरो मध्यस्थी करतो. पैसे परत द्यायचा हुकूम काढणं त्यांच्या हातात नाही, पण गॅरेजच्या लायसन्सवर कारवाई करता येते. 1,500 पैकी 900 आलेत. बाकीच्या सहाशेंसाठी स्मॉल क्लेम्स कोर्टाचा (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) फॉर्म भरून ठेवलाय.