टाळू शिवून झाली तरी बोलणं नाकातूनच येतंय? फर्लो, फ्लॅप की स्फिंक्टर

दुभंगलेली टाळू शिवून झाल्यावरही काही मुलांचं बोलणं नाकातूनच येत राहतं, म्हणजे प, ब, ट, क, स म्हणताना मऊ टाळू मागे घशाच्या भिंतीला नीट टेकत नाही आणि हवा वर नाकात निसटते. म, न मात्र बरोबर येतात. मग डॉक्टर दुसरं ऑपरेशन सुचवतात आणि आईबाबांचा पहिला प्रश्न असतो, फर्लो, फ्लॅप आणि स्फिंक्टर या तीन ऑपरेशनांतलं चांगलं कुठलं? माझं म्हणणं, मूल बोलत असताना नाकातून दुर्बीण घालून केलेली तपासणी हातात आल्याशिवाय हे ठरवूच नका, कारण फट केवढी आहे आणि घशाच्या बाजूच्या भिंती हलतात का यावरच सगळं अवलंबून आहे.

फट छोटी असेल आणि टाळूचे स्नायू आडवे असायच्या ऐवजी पुढे-मागे पडलेले असतील तर फर्लो. झेडच्या आकाराचे छेद देऊन स्नायू जागेवर आणतात, टाळू लांबही होते. श्वासाच्या वाटेत काही अडवत नाहीत म्हणून घोरण्याचा त्रास यात सगळ्यात कमी, आणि नाही पुरलं तर फ्लॅप नंतर करता येतोच. जमत असेल तर मी आधी हेच निवडेन.

फट मोठी, मधोमध, आणि बाजूच्या भिंती छान आत येतात, तर फ्लॅप. घशाच्या मागच्या भिंतीची पट्टी टाळूला जोडतात, दोन्ही बाजूंना श्वासासाठी भोकं राहतात. बोलण्यात फरक मोठा पडतो, पण पट्टी फार रुंद झाली तर नाक बंद, म चा ब ऐकू येतो, झोपेत श्वास अडकू शकतो. टॉन्सिल मोठे असतील तर त्यांचं आधी बघायला लावा, हे खरंच विसरू नका.

टाळू उचलते पण बाजूच्या भिंती हलतच नाहीत अशा मुलांना स्फिंक्टर. टॉन्सिलमागच्या दोन स्नायूंच्या पट्ट्या मागे शिवतात, मधे एकच छोटं भोक राहतं. घोरणं यातही होऊ शकतं, पण भोक मोठं राहिलं तर नंतर आवळता येतं.

2005 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात 97 पेशंटना चिठ्ठ्या टाकल्यासारखं फ्लॅप किंवा स्फिंक्टर दिलं होतं. तीन महिन्यांनी फ्लॅपवाले बरेच पुढे होते, वर्षाने फरक उरला नाही. म्हणून शेजारच्या मुलाचं तिसऱ्या महिन्यातलं बोलणं ऐकून निर्णय घेऊ नका.

मुलाला 22क्यू11 डिलीशन (22व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा जन्मतःच नसणं) असेल तर मानेतली मोठी रक्तवाहिनी घशाच्या मागच्या भिंतीजवळ सरकलेली असू शकते, सर्जनला हे आधीच सांगा.

आणि स्पीच थेरपी. क च्या जागी घशातच आवाज अडवायची सवय लागलेली असते ती कुठल्याच ऑपरेशनने जात नाही, ऑपरेशन फक्त फट बंद करतं, त्यामुळे तारीख ठरवतानाच नंतरच्या थेरपीची वेळही घेऊन ठेवा.