कोचच्या नोकरीचा गेम: कॉलेज फुटबॉल २६ (पीएस फाइव्ह)

ईए स्पोर्ट्सचा कॉलेज फुटबॉल २६ हा व्हिडिओ गेम सध्या खेळायलोय, अमेरिकेतल्या कॉलेज टीमच्या अमेरिकन फुटबॉलचा (आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हं), आणि कोचिंगच्या लाईनमधल्या माणसानं हा गेम एकदा तरी बघायलाच पायजे असं माझं स्पष्ट मत आहे. मी परभणीला कॉलेजच्या कबड्डी टीमचा सहाय्यक कोच आहे, म्हणून ह्यातला 'डायनेस्टी' मोडच मी जास्त खेळतो. त्यात तुम्ही कोच असता, आणि नोकरी टिकवणं, वर चढणं, दुसरीकडून ऑफर आली की जायचं का नाही ते ठरवणं, सगळं तुमच्यावर.

सुरुवातीला तीनपैकी एक खुर्ची मिळते, ऑफेन्स कोऑर्डिनेटर, डिफेन्स कोऑर्डिनेटर (हेड कोचच्या हाताखाली टीमची एकेक बाजू सांभाळणारे) नाहीतर थेट हेड कोच. ऑफेन्स म्हणजे आपल्याकडचे चढाईवाले आणि डिफेन्स म्हणजे पकडवाले समजा. मी मुद्दाम केंट स्टेटचा डिफेन्स कोऑर्डिनेटर झालो. ओहायोतली ही टीम २०२४ ला खऱ्या सीझनमध्ये १२ पैकी १२ मॅच हरली होती, पण निक सेबननं १९७३ मध्ये कोचिंगची सुरुवात इथूनच केली, ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारा सहाय्यक म्हणून. तोच माणूस पुढं अलाबामा कॉलेजच्या टीमला सहा वेळा चॅम्पियन करून २०२४ च्या जानेवारीत रिटायर झाला.

कोच बनवताना त्याचा पिंड पण निवडायचा असतो, मोटिव्हेटर (पोरांना पेटवणारा), रिक्रूटर (पोरं मिळवणारा) का टॅक्टिशियन (डावपेचवाला). सीझन संपला की कोचची उलथापालथ सुरू होते, कुणाला काढलं, कुणाला मोठ्या कॉलेजनं उचललं, त्यात तुमची नोकरी किती पक्की आहे ते पण दिसतं. ते बघताना खरंच पोटात गोळा येतो.

पण ह्या गेमचा जीव रिक्रूटिंगमध्ये, म्हणजे टीमसाठी नवी पोरं मिळवण्यात आहे, मॅच त्याच्यानंतर. तुमच्या यादीत जास्तीत जास्त ३५ पोरं, आणि आठवड्याला ठराविक तास, ते तास पोरांवर वाटायचे. पोराला मेसेज टाकायला १० तास, घरच्यांशी आणि मित्रांशी बोलायला २५, आणि सगळी ताकद लावायची तर ५० तास एकट्यावरच जातात. प्रत्येक पोराला वेगळं काही पायजे असतं, कुणाला लगेच मॅच खेळायची, कुणाला घराजवळ राहायचं, कुणाला शिक्षण चांगलं पायजे, आणि एक अशी अट असते की ती मोडली तर पोरगं दुसऱ्या कॉलेजात निघून जातं. आम्ही पण हेच करतो की! तालुक्याच्या शालेय स्पर्धेला जाऊन बारावीची पोरं हेरायची, मग घरी जायचं. जिंतूरकडच्या एका रेडरच्या घरी गेलो तर वडील फी माफीचं आणि हॉस्टेलचं सगळं ऐकून हो म्हणाले, आई मात्र चहाचा कप हातात देताना म्हणाली, "सर, लेकराचा पाय मोडला तर कोण बघणार?" त्याचं उत्तर देईपर्यंत चहा गार झाला पण पोरगं आलं. गेममध्ये घरच्यांशी बोलायचा पर्याय दाबला की मला तीच माऊली आठवते.

कमी काय ते पण सांगतो, कारण मला ते लई महत्त्वाचं वाटतं. कोचिंगची सगळ्यात खालची पायरी ह्यात नाहीच. अमेरिकेत बरेच कोच ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून लागतात, मास्टर्सची फी माफ, वर थोडं मानधन, आणि काम म्हणजे मॅचचे व्हिडिओ कापून पुढच्या टीमचा अभ्यास तयार करणं, मग एका पोझिशनचा कोच, मग कोऑर्डिनेटर, मग कुठं हेड कोच. आपल्याकडं बीपीएड, एमपीएड करून तासिका तत्त्वावर राबणारी पोरं आहेत, पटियालाला जाऊन एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंगचा डिप्लोमा करून आलेली पण आहेत, त्यांना ती पायरी खेळायला मिळाली असती तर हा गेम त्यांचा झाला असता.

दुसरं म्हणजे ह्यात फक्त वरच्या डिव्हिजनच्या १३६ टीम आहेत. त्यामुळं कर्ट सिग्नेटीसारखा प्रवास करताच येत नाही. हा माणूस अलाबामात सेबनच्या हाताखाली होता, २०११ ला ते सोडून आययूपी नावाच्या डिव्हिजन टूच्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या कॉलेजचा हेड कोच झाला, जिथं त्याचे वडील पण कोच होते. मग इलॉन, मग जेम्स मॅडिसन, आणि साठी उलटल्यावर इंडियाना. २०२३ ला तीन मॅच जिंकलेल्या टीमनं २०२४ ला ११ जिंकल्या आणि पुढच्या सीझनला थेट नॅशनल चॅम्पियन! मोठ्या टीमची सहाय्यकी सोडून छोट्या ठिकाणी सगळी जबाबदारी घ्यायची, हा निर्णय किती जड असतो ते आमच्या लाईनमधल्यांना विचारा.

ह्याच्या आधीच्या कॉलेज फुटबॉल २५ मध्ये खरे कोच नव्हते, २६ मध्ये ३०० च्या वर आहेत, म्हणून घ्यायचा तर हाच घ्या. पीसीवर हा येत नाही, पीएस फाइव्ह नाहीतर एक्सबॉक्स सिरीज पायजे. माझी डिस्क मावसभावानं अमेरिकेतून येताना आणली. नवीन माणसानं सुरुवातीला मॅच सिम्युलेट करून (स्वतः न खेळता गेमलाच निकाल लावू देऊन) नुसतं रिक्रूटिंग करावं, नियम आपोआप कळत जातात, आणि टीम घेताना खालच्या नंबरची घ्यावी, वरच्या टीमला पोरं तशीही येतात. पाचपैकी चार स्टार.