मुंडावळ्या, अक्षता आणि एफ/१.४ : सिग्मा ८५ एमएम लेन्स, आठ महिन्यांनंतर

"कंपनीची का नाही घेतलीस रे?" तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच ऑर्डरला सोबतच्या व्हिडिओवाल्या काकांनी विचारलं. आमच्या सांगलीत 'कंपनीची' म्हणजे ज्या कंपनीची बॉडी, तिचीच लेन्स. बाकी सगळं 'बाहेरचं'. सिग्मा १९६१ पासून जपानात लेन्सा बनवते, हे काकांना सांगून उपयोग नव्हता. शिवाय त्यांची शंका अगदीच पोकळ नव्हती, कारण आधी एकदा मी पोळलेलो होतो. एका दुसऱ्याच कंपनीची (नाव घेत नाही) स्वस्तातली ८५ एमएम एफ/१.८ माझ्याकडे होती (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं आणि शार्प येणारा पट्टा अरुंद होतो). बॉडीचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि तिचा फोकस गंडला. हिरवा चौकोन नवरीच्या डोळ्यावर, शार्प मात्र कानातलं झुमकं. लेन्सचं नवं फर्मवेअर येईपर्यंत दोन लग्नं कशीबशी बॉडीसोबत आलेल्या किट लेन्सवर काढली.

आता घेतलेली लेन्स म्हणजे सिग्मा ८५ एमएम एफ/१.४ डीजी डीएन आर्ट, २०२० मध्ये आलेली. बॉडी सोनी ए७ थ्री. ही लेन्स सोनी ई आणि एल माउंटमध्येच (माउंट म्हणजे बॉडीला लेन्स बसवायची खाच) मिळते, त्यामुळे कॅनन आरएफ किंवा निकॉन झेडवाल्यांनी पुढे वाचून जीव जाळून घेऊ नये.

वजन ६३० ग्रॅम. आकडा मोठा वाटतो, पण याच कंपनीची २०१६ ची डीएसएलआरसाठीची ८५ एफ/१.४ एक किलोच्या वर होती. ती गळ्यात घालून हळदीपासून वरातीपर्यंत उभं राहिलेल्या माणसाला विचारा. सोनीची स्वतःची पहिली ८५ जीएम ८२० ग्रॅमची. दिवसभराच्या कामात हा फरक संध्याकाळी मनगटाला कळतो.

वजन कमी झालं त्याची किंमत मात्र दुसरीकडे मोजलेली आहे. काचेतच सरळ करायच्या काही गोष्टी सॉफ्टवेअरवर सोपवल्यात. आयर्विन पुलावर प्रिवेडिंग करताना रॉ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) करेक्शन बंद करून उघडली, तर कठड्याची सरळ रेघ मधे आत दबलेली दिसली. सॉफ्टवेअरमधलं या लेन्सचं करेक्शन प्रोफाइल लावलं की रेघ सुतासारखी सरळ. चेहऱ्यांच्या कामात मला याचा त्रास नाही, पण इमारती काढायच्या असतील तर करेक्शन चालू आहे ना, एवढं बघून घ्या.

आता मुद्द्याचं. ऑटोफोकस.

मोकळ्या जागेत, बरा उजेड असेल तर याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. डोळा पकडतो, सोडत नाही, आवाज करत नाही. खरी परीक्षा बोहल्यावर. नवरीच्या मुंडावळ्या गालावरून लोंबतात आणि मान जरा वळली की मोत्यांची सर थेट डोळ्यासमोर येते. आय एएफ (डोळ्यावर आपोआप फोकस करणारी सोय) डोळा शोधतो, पण मोती डोळ्यापेक्षा ठसठशीत, कॅमेऱ्याच्या जवळ आणि चमकणारे. दोन मीटरवरून एफ/१.४ ला शार्प पट्टा जेमतेम साडेचार सेंटीमीटरचा. म्हणजे मोती पकडले की डोळे गेले. पहिल्या लग्नाच्या फाइली मोठ्या स्क्रीनवर बघताना मी लेन्सला शिव्या घातल्या. मग दुसऱ्या फोटोग्राफरची 'कंपनीची' लेन्स तासभर मागून घेतली, तिनेही तेच केलं. तेव्हापासून विधींना एफ/२.८. पट्टा दुप्पट होतो आणि मागचं लाल-पिवळं डेकोरेशन तरीही छान विरघळतं. एफ/१.४ फक्त निवांत बसवून काढायच्या फोटोंना. त्यासाठीच पैसे मोजलेत म्हणून सगळीकडे तेच वापरायचं, हा हट्ट पहिले दोन महिने मीही केला.

अक्षतांचंही असंच. 'शुभमंगल सावधान' झालं की तांदळाचा पाऊस पडतो आणि फोकस नवरा-नवरीला सोडून दाण्यांमागे धावतो. मेनूत एएफ ट्रॅक सेन्सिटिव्हिटी १ वर, म्हणजे 'लॉक्ड ऑन'ला नेऊन ठेवली. आता अक्षता मधून गेल्या तरी फोकस चेहऱ्यावरच थांबतो. निदान बहुतेक वेळा.

बाहेरच्या लेन्सला सोनीने लावलेला एक कुंपणाचा खांबही सांगून ठेवतो. ए९, ए१ सारख्या बॉडीवर या लेन्सा सेकंदाला १५ फ्रेमच्या पुढे जात नाहीत. माझी बॉडीच मुळात १० ची, त्यामुळे मला फरक शून्य. कुस्तीची मैदानं कव्हर करणाऱ्यांनी विचार करावा.

अ‍ॅपर्चर रिंग (एफचा आकडा बदलायची लेन्सवरची कडी) मला फार आवडली. टिकटिक बंद करता येते, लॉकही आहे. लॉक न करता बॅगेत कोंबली तर बाहेर काढताना एफ/८ वर गेलेली असते. चूक माझी, दोनदा केली.

बोके, म्हणजे मागच्या दिव्यांचे धूसर ठिपके, मधोमध गोल, कडांना मांजरीच्या डोळ्यासारखे. लायटिंगच्या माळा फ्रेमच्या कोपऱ्यात आल्या की दिसतं. गिऱ्हाइकाने आजवर एकदाही विचारलेलं नाही.

८५ घेण्याआधी कोणी सांगितलं नाही ते जागेचं. उभ्या फ्रेममध्ये पूर्ण माणूस बसवायचा तर पंधरा-सोळा फूट मागे जावं लागतं. हळद असते दहा बाय बाराच्या खोलीत, भिंतीला पाठ टेकली तरी कमरेपर्यंतच येतं. उलट ०.८५ मीटरच्या आत फोकस होत नाही, त्यामुळे मेंदीच्या हातांचे क्लोजअप हिच्यावर विसरा. माझ्याकडे घरात ३५ आणि मांडवात ८५ असं ठरून गेलंय.

मागच्या महिन्यात काकांच्या नातीचं बारसं होतं. फोटो बघून म्हणाले, "हे त्या नव्या कंपनीच्या लेन्सवर काढलेस होय?" हो म्हटलं. त्यांच्या जुन्या ८५ ला बुरशी लागलीय, म्हणून त्यांनी वजन आणि किंमत विचारली. पावसाळा सुरू झालाय, तेव्हा माझी सध्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत आहे. दिवाळीपर्यंत तिला काम नाही, पण दर रविवारी बाहेर काढून रिंग फिरवून ठेवतो.