२६६६ च्या जागी ३२०० : लॅपटॉपची रॅम बदलल्यानंतरचे सात महिने

लॅपटॉप कोअर आय५-११३५जी७ प्रोसेसरचा. मुळात ८ जीबीची एकच डीडीआर४-२६६६ स्टिक (डीडीआर४ हा रॅमचा प्रकार, २६६६ हा तिचा वेग, म्हणजे सेकंदाला इतके दशलक्ष डेटा-व्यवहार), दुसरा स्लॉट रिकामा. ती काढून १६ जीबीच्या दोन ३२०० च्या स्टिक बसवल्या, त्याला आता सात महिने झाले. फरक रोज जाणवतो. पण त्यातला मोठा वाटा ३२०० या आकड्याचा नाही, एकाऐवजी दोन स्टिक असण्याचा आहे.

जास्त वेगाची रॅम चालेल का, हे स्टिकच्या पाकिटावर वाचून कळत नाही. आधी प्रोसेसर बघायचा, कारण मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, त्याच्याच पोटात असतो आणि वेगाची वरची मर्यादा तिथेच ठरते. आय५-८२५०यू ला २४००, आय७-९७५०एच ला २६६६, आय७-१०७५०एच ला २९३३, ११३५जी७ ला ३२००. एएमडीत रायझन ५ ३५००यू ला २४००, तर ५५००यू ला ३२००. इंटेलच्या किंवा एएमडीच्या साइटवर त्या प्रोसेसरच्या पानावर मेमरीच्या ओळीत हे दिलेलं असतं. ८२५०यू मध्ये ३२०० ची स्टिक घातली तर काही बिघडत नाही, ती निमूटपणे २४०० वर चालते. ११३५जी७ च्या पानावर एलपीडीडीआर४एक्स-४२६७ असंही दिसेल. तो आकडा बोर्डावर सोल्डर केलेल्या चिप्सचा. स्लॉटवाल्यांनी त्यावर हुरळून जाऊ नये. इंटेलच्या बाराव्या-तेराव्या पिढीतले बरेच प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवू शकतात, पण बोर्डावर स्लॉट एकाच प्रकारचा असतो. डीडीआर४ ला २६० पिना, डीडीआर५ ला २६२, आणि खाचेची जागाही वेगळी. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट मोडेल.

मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी. तिथे सध्याचा वेग, किती स्लॉट वापरात आहेत आणि फॉर्म फॅक्टर दिसतो. 'एसओडीआयएमएम' म्हणजे काढता येणारी स्टिक, 'रो ऑफ चिप्स' म्हणजे सोल्डर केलेली. स्लॉटच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. सोल्डर केलेली मेमरीसुद्धा काही बोर्डांवर स्लॉट म्हणून मोजली जाते, आणि '२ पैकी १' वाचून स्टिक मागवल्यावर झाकण उघडलं की रिकामी जागाच नसते. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून बोर्डाचा फोटो बघणं हा खात्रीचा उपाय. ८ जीबी सोल्डर आणि एक स्लॉट अशी रचना असेल तर दोन्ही मेमरी त्यांच्यातल्या कमी वेगावर चालतात. सोल्डर केलेली २६६६ ची असेल तर ३२०० चा विषय तिथेच संपला.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते एक्सएमपीत, म्हणजे स्टिकमध्ये साठवलेल्या जादा वेगाच्या सेटिंगमध्ये. पाकिटावर मोठ्या अक्षरात ३२०० लिहिलेलं असतं, पण अनेकदा तो वेग एक्सएमपी प्रोफाइलमधला असतो. बहुतेक लॅपटॉपचं बायोस ते प्रोफाइल वाचतच नाही, फक्त जेडेकचे (मेमरीची मानकं ठरवणारी संस्था) मूळ आकडे घेतं. अशा काही स्टिकचा जेडेक वेग २१३३ किंवा २४०० असतो, त्यामुळे 'वेगवान' रॅम लावून लॅपटॉप आधीपेक्षा हळू, असा प्रकार होतो. घेताना १.२ व्होल्टवर ३२००, सीएल२२ (डेटा मिळायला लागणारी क्लॉकची आवर्तनं) असं लिहिलेली साधी, हीटसिंक नसलेली स्टिक बघायची. लेबलवर पीसी४-३२००एए असतं. तिथेच १आरएक्स८ की १आरएक्स१६ तेही वाचा; शेवटचा आकडा म्हणजे स्टिकवरची एकेक चिप किती बिट रुंद आहे ते. एक्स१६ वाल्यात बँक ग्रुप (चिपच्या आतले मेमरीचे गट) निम्मे असतात, त्यामुळे त्याच वेगाला ती थोडी मागे पडते. दोन्ही मिळत असतील तर १आरएक्स८ घ्यावी.

बसवताना बॅटरीचा कनेक्टर आधी काढायचा. स्टिक साधारण ३० अंशांत तिरकी धरून आत सरकवायची. सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी झाली की खाली दाबायची, आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक्' करून अडकल्या पाहिजेत. एकाच बाजूचा आवाज आला तर पुन्हा काढा. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन बराच वेळ काळी राहते, मशीन एखाद्या वेळी स्वतःच रीस्टार्टही होतं. ते मेमरी ट्रेनिंग असतं, म्हणजे नव्या रॅमशी जुळवून घेणं. घाबरून पॉवर बटण दाबून धरू नका. डीडीआर५ ला याहून जास्त वेळ लागू शकतो.

खात्री सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामने. मेमरी टॅबमध्ये १५९६ च्या आसपास आकडा दिसला तर बरोबर आहे, कारण तो प्रत्यक्ष क्लॉक असतो आणि डीडीआरमध्ये त्याची दुप्पट धरायची. टास्क मॅनेजर थेट ३२०० दाखवतो. या प्रोसेसरवर दुसरी खूण डिव्हाइस मॅनेजरमध्ये सापडते: एका स्टिकवर ग्राफिक्सचं नाव 'इंटेल यूएचडी' होतं, दोन लागल्यावर तेच 'आयरिस एक्सई' झालं. चिप तीच, पण दोन्ही चॅनल (प्रोसेसर ते रॅम या दोन वाटा, इथे प्रत्येक स्टिकला एक) भरल्याशिवाय तिला ते नाव मिळत नाही.

कागदावरचं गणित बघा. २६६६ ची एक स्टिक सेकंदाला २१.३ जीबी देते, ३२०० ची एक २५.६. दोन चॅनलवर तेच ४२.७ आणि ५१.२ होतात. लेटन्सीत, म्हणजे डेटा मिळायला लागणाऱ्या वेळेत, तर फरक नगण्य: २६६६ ला सीएल१९ म्हणजे १४.२५ नॅनोसेकंद, ३२०० ला सीएल२२ म्हणजे १३.७५. म्हणून ब्राउझर, स्प्रेडशीट यांत वेग वाढल्याचं कळणार नाही. तिथे जाणवते ती वाढलेली क्षमता. व्हिडिओ एडिटिंगचा प्रीव्ह्यू आणि हलके गेम मात्र स्पष्ट सुधारले, कारण अंतर्गत ग्राफिक्स याच मेमरीवर जगतं. आधीच २६६६ च्या दोन स्टिक असतील आणि जागा पुरत असेल, तर फक्त वेगासाठी बदलू नका.

तक्रार एकच. तिसऱ्या महिन्यात स्लीपमधून उठताना मशीन गोठायला लागलं. मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या चारही फेऱ्या स्वच्छ गेल्या, म्हणजे चिप्स ठीक होत्या. स्टिक काढून, कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पुन्हा दाबून बसवल्यावर ते थांबलं. एक क्लिप अर्धवट अडकलेली होती.

एसएसडी २५६ जीबीची असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. विंडोजची हायबरनेशन फाइल (मशीन बंद करताना रॅममधलं काम जिथे साठवलं जातं ती) डिस्कवर सहसा रॅमच्या ४० टक्के इतकी जागा धरते. ३२ जीबी रॅमला ती जवळपास १३ जीबी होते. हायबरनेट वापरत नसाल तर ती बंद करून जागा मोकळी करता येते, फक्त फास्ट स्टार्टअपही (विंडोज लवकर सुरू होण्याची सोय) त्यासोबत जातं.