व्यायामाची सायकल : आठ महिन्यांनंतर, मुख्यतः सीटच्या पिनविषयी

चुंबकीय यंत्रणा, चाकाचे वजन, रेझिस्टन्सच्या, म्हणजे पॅडलला होणाऱ्या अडथळ्याच्या, आठ पायऱ्या आणि पडद्यावरचे आकडे ही सर्व माहिती खोक्यावर छापलेली असते, म्हणून ती येथे पुन्हा देत नाही. मला लिहायचे आहे ते सीटची उंची धरून ठेवणाऱ्या पिनविषयी. अंगठ्याएवढ्या या वस्तूने माझे तीन आठवडे वाया घालवले, बंद झालेल्या वेदनाशामक गोळ्या पुन्हा सुरू करायला लावल्या आणि चौथ्या महिन्यात चांगली चालती सायकल मी विकायला काढली होती.

माझ्या उजव्या गुडघ्याची झीज क्ष-किरण चित्रात दुसऱ्या श्रेणीची, म्हणजे सौम्य, निघाली. जिना चढणे जमत असे; उतरताना मात्र कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत यावे लागे. ज्यांच्या कृत्रिम सांध्यात संवेदक बसवले आहेत, अशा रुग्णांवर मोजमापे झालेली आहेत. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना उतरताना तो तीन पटींच्याही वर जातो आणि हलक्या रेझिस्टन्सवर सायकल चालवताना तो वजनाच्या आसपासच राहतो, असे त्यांतून दिसते. सायकल घेण्यामागे माझा एवढाच हिशेब होता. छातीभर पाण्यात चालल्यानेही गुडघ्यावरचा भार बराच हलका होतो. पण त्यासाठी रोज तलावापर्यंत जावे लागते आणि माझा आळस मला ठाऊक आहे.

पहिले तीन महिने मी समाधानी होतो. सुरुवातीची पाच मिनिटे रेझिस्टन्स अजिबात न ठेवता, मग दुसऱ्या पायरीवर मिनिटाला साठ ते सत्तर फेरे, असे करत दहा मिनिटांवरून पंचवीस मिनिटांपर्यंत पोचलो. कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, सांध्यातला द्रव आत-बाहेर होऊनच तिला पोषण मिळते आणि त्यासाठी सांधा हलावा लागतो, हे फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. ‘दुखतो म्हणून गुडघा जपून ठेवू नका,’ असे त्यांनी का बजावले, ते मला तिसऱ्या आठवड्यात पटले, कारण सकाळी उठल्यावर सांधा आखडण्याचा वेळ तोवर निम्म्यावर आला होता.

सीटची उंचीही त्यांनीच ठरवून दिली. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हावा. मग चवडा पॅडलवर घेतला की गुडघ्यात पंचवीस ते पस्तीस अंशांचा बाक उरतो आणि तेवढाच असावा. सीट खाली असेल तर पॅडल वर येताना गुडघा फार दुमडतो, वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते आणि दुखणे पुढच्या बाजूला येते. सीट फार वर असेल तर गुडघ्याच्या मागे ताण बसतो आणि कंबर डावी-उजवीकडे डुलते. आता या सायकलीत सीटच्या दांडीवर पिन अडकवायची छिद्रे आहेत ती अडीच-अडीच सेंटीमीटरवर. मला पाचवे छिद्र खाली पडे आणि सहावे वर. यावर मी शोधलेला उपाय असा की, सीट सहाव्या छिद्रात ठेवायची आणि जाड तळव्याचे जुने बूट घालून बसायचे. दीड सेंटीमीटरचा प्रश्न बुटांनी फुकटात सोडवला, याचा मला तेव्हा अभिमानच वाटला होता.

चौथ्या महिन्यात एका सकाळी सीटखाली ‘टक्’ असा आवाज झाला. मी वाकून पाहिले नाही, ही माझी चूक. दोन-तीन दिवसांत वाटीच्या पुढच्या बाजूला दुखू लागले, आठवड्याभरात जिन्यावर पुन्हा कठडा हातात आला आणि सायकल झीज असलेल्यांसाठी नाहीच, अशी माझी खात्री झाली. याच सायकलीविषयी त्या आठवड्यात लिहायला बसलो असतो, तर शिव्या सोडून दुसरे काही लिहिले नसते. विकण्याआधी ती पुसायला घेतली, तेव्हा दांडीवर सहाव्या छिद्रापासून पाचव्यापर्यंत गेलेला ताजा, चकचकीत ओरखडा दिसला. पिनचे टोक झिजून गोल झाले होते, बसल्यावर वजनाने ते छिद्रातून सटकले आणि दांडी एक घर खाली जाऊन पुन्हा अडकली. पाय जमिनीच्या जवळ आल्यामुळे बसायला उलट आरामशीर वाटत होते, म्हणून लक्षात आले नाही. आणि जाड बुटांमुळे तर गुडघा अधिकच दुमडत होता. म्हणजे तीन आठवडे मी गुडघ्याला दोष देत होतो आणि गुडघा बिचारा फक्त उंची सांगत होता.

विक्रीपश्चात सेवेची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिची आठवण आली की माझा रक्तदाब वाढतो. वॉरंटी सांगाड्यावर आहे आणि पिन ही ‘झिजणारी वस्तू’ आहे, असे फोनवर सांगण्यात आले. सांगाडा ज्या पिनवर उभा राहतो ती सांगाड्यात का मोडत नाही, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. अकरा दिवसांनी एक तंत्रज्ञ आला. त्याने पिन पाहिलीच नाही. सीटकडे पाहून म्हणाला, ‘काका, एवढी वर कशाला घेतलीत? पाय जमिनीला टेकले पाहिजेत.’ आणि मला बोलायची संधी न देता त्याने सीट तिसऱ्या छिद्रात घातली. तो गेल्यावर पंधरा मिनिटांत ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ हा संदेश आला. पुन्हा तक्रार केली तेव्हा कळले की पिन सुटी मिळत नाही, सीटसकट संपूर्ण दांडी विकत घ्यावी लागते. तेवढ्यासाठी तेवढे पैसे मी देणार नव्हतो आणि दिलेही नाहीत.

अखेर लेथवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराने दांडीच्या मापाचे, मधोमध चिरलेले आणि दोन स्क्रूंनी आवळायचे लोखंडी कडे करून दिले. ते बाहेरच्या नळीच्या तोंडावर टेकते, त्यामुळे दांडी खाली सरकू शकत नाही. पिन आता फक्त सीट फिरू नये म्हणून आवळून ठेवतो. अनपेक्षित लाभ असा की छिद्रांचे बंधनच संपले आणि सीट पाचव्या-सहाव्या छिद्रांच्या मधोमध, म्हणजे जिथे ती पहिल्या दिवसापासून हवी होती तिथे, कायमची बसली. जुने बूट निवृत्त झाले. बारा दिवसांत वाटीपुढचे दुखणे गेले.

पुढच्या चार महिन्यांत वजन चौऱ्याऐंशी किलोंवरून एकोणऐंशीवर आले. एक किलो उतरला की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, त्यामुळे या पाच किलोंचे मोल काट्यावर दिसते त्याहून मोठे आहे. हात न टेकता खुर्चीतून तीस सेकंदांत पूर्वी आठ वेळा उठता येई, आता तेरा वेळा येते. हे सर्व श्रेय सायकलीला देणे मात्र अन्यायाचे होईल. पाय सरळ ठेवून उचलण्याचा व्यायाम आणि खुर्चीतून सावकाश उठबस मी आठवड्यातून तीन दिवस करतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना खरे बळ त्यानेच आले. सायकलीने सांधा मोकळा ठेवला. व्यायामाच्या वेळी थोडे दुखले तरी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत झाले पाहिजे, न झाल्यास वेळ कमी करायचा, हा नियम मी पाळतो. पडद्यावरचा कॅलरींचा आकडा अतिशय उदार आहे. त्याच्या भरवशावर एक घासही जास्त खाऊ नये.

आवाज नाही, पॅडलचे पट्टे शाबूत आहेत, चाक फिरवणारा आतला पट्टा एकदाही सुटलेला नाही. ज्यांना ही सायकल घ्यायची असेल, त्यांनी दुकानात रेझिस्टन्स फिरवून पाहण्यात वेळ घालवू नये. पिन पूर्ण बाहेर काढून तिचे टोक पाहावे, छिद्रांतले अंतर पट्टीने मोजावे आणि टाच पॅडलवर ठेवून आपली उंची कोणत्या छिद्रात बसते ते तपासावे. मी दांडीवर नेलपॉलिशची लाल रेघ ओढली आहे आणि रोज बसण्यापूर्वी ती कड्याच्या वर दिसते की नाही ते पाहतो. काल दिसली.